पिवळ्या कोटाला हरकत

"माझ्या बहिणीला माझ्यावर दावा लावायचाय," फोनवरची बाई म्हणाली. "पण तिला ते अजून माहीत नाही."

मी पेन खाली ठेवलं. अपघाताच्या वकिलाकडे फोन घ्यायला बसलं की माणसाला काय काय ऐकावं लागतं. कुणी दुकानात द्राक्षावरून घसरलेला असतो, कुणाला शेजाऱ्याच्या कोंबड्याला कोर्टात खेचायचं असतं. पण स्वतःवरच दावा लावून घ्यायला निघालेली बाई मला तोवर भेटली नव्हती.

"नाव सांगा बाई."

"लव्हॉन, अगं मी कोरीन. कोरीन टॅकेट. रविवारी चर्चमध्ये तुझ्याच मागच्या बाकावर बसते की. आवाज नाही ओळखलास? आणि तू फोन उचलून ते काय म्हणालीस? तबेला?"

ते मला म्हणावंच लागतं. "खेचराचा तबेला, बोला, कुठं लागलंय तुम्हाला?" हे वाक्य आमच्या साहेबांनी स्वतः लिहिलंय, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

हॉइट स्टीगॉल हे त्यांचं नाव, पण आमच्या एल्डर क्रीकमध्ये आणि मिसिसिपीतल्या आसपासच्या गावांत त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नाही. खेचरवाला म्हणा, शेंबडं पोरसुद्धा ऑफिसपर्यंत आणून सोडेल. हायवेला लागा, दर दोन वळणांमागे त्यांची पाटी. पाटीवर पिवळाधमक कोट घातलेले साहेब, शेजारी त्यांची ब्यूला नावाची पांढरी खेचरी, आणि ब्यूला मागच्या दोन्ही पायांनी एका उंच काचेच्या इमारतीला लाथ घालतेय. इमारतीच्या कपाळावर लिहिलंय 'विमा कंपनी'. खाली फूटभर अक्षरांत: 'शेजाऱ्याला नको, विम्याला लाथ!' हेच टीव्हीवर, हेच बेसबॉलच्या मैदानाच्या कुंपणावर. उन्हाळ्यात चर्चमध्ये वारा घ्यायला जे पुठ्ठ्याचे पंखे वाटतात, त्यांच्या एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला ब्यूला. नाताळच्या मिरवणुकीत साहेब खेचरीवर बसून पोरांना पिवळ्या गोळ्या फेकतात. ब्यूला मला एकदा चावली आहे, तेव्हा तिच्याबद्दल माझ्याकडून चांगल्या शब्दाची अपेक्षा कुणी करू नये.

तर कोरीनचं म्हणणं असं.

ती आणि तिची थोरली बहीण झेल्मा एका मयताच्या जेवणाला चालल्या होत्या. गाडी कोरीन चालवत होती, झेल्मा शेजारी बसली होती, मागच्या सीटवर कोरीननं केलेला कॅरॅमलचा केक. आमच्याकडे मयताच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि कोणाचा केक आधी संपला यावर बायकांची वर्षभराची इज्जत ठरते. वळणावर केक घसरायला लागला. कोरीननं स्टिअरिंगवरचा एक हात काढला, मागं वळली आणि केक धरला. गाडी रस्ता सोडून नाल्याच्या पुलाला जाऊन धडकली. कोरीनला खरचटलंसुद्धा नाही. केकही शाबूत राहिला. झेल्माच्या खुब्याचा मात्र चुरा झाला.

पहिलं ऑपरेशन झालं ते बसलं नाही. दुसरं केलं तर ती पुन्हा चालू शकेल, नाही तर वॉकर, आणि वॉकरनंतर खुर्ची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. झेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून काम करायची. पाय गेल्यावर काम गेलं, आणि कामाबरोबर आजारपणाचा विमाही गेला. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च द्यायचा तो कोरीनच्या गाडीच्या विमा कंपनीनं. कंपनीनं गाडीचं नाक तत्परतेनं नवं करून दिलं. खुब्याबद्दल मात्र पत्र आलं की तो आधीपासूनच झिजलेला होता, सबब दिलगीर आहोत.

"मी किती हप्ते भरले गं त्यांचे," कोरीन फोनवर म्हणाली. "आता ते म्हणतात कोर्टात जा. आणि कोर्टात जायचं तर दावा कंपनीवर नाही, माझ्यावर लावावा लागतो म्हणे. मग लावा! ताई ऐकत नाही. तूच बोलव तिला."

झेल्मा आली ती भांडायच्या तयारीनंच. कोरीननं तिला गाडीतून उतरवली, वॉकर पुढ्यात ठेवला, पायरी चढताना मागून कमरेला धरलं. अपघातानंतर झेल्मा कोरीनकडेच राहत होती, त्या दोघी लहानाच्या मोठ्या झाल्या त्याच घरात.

"वकीलसाहेब, आपलेच दात आणि आपलेच ओठ," झेल्मा म्हणाली. "मी माझ्या धाकट्या बहिणीला गुन्हेगारासारखी उभी करू? तिची काही चूक नाही. झालं ते झालं."

"झेल्माबाई, गुन्हेगार नाही हो. नुसतं नाव लागतं. पैसे विमाच देणार."

"मग विम्याचं नाव लावा की!"

"कायदा लावू देत नाही."

"कसला गाढव कायदा आहे?"

"खेचर," साहेब म्हणाले, आणि स्वतःच हसले. कुणीच हसलं नाही. मग ते गंभीर झाले. "बाई, तुम्हाला चालायचंय का?"

उत्तर झेल्माऐवजी कोरीननं दिलं. "चालायचंय तिला. नाही चालली तर मी मेल्यावर हिला उचलणार कोण? ताई, सही कर. नाही केलीस तर आजपासून बिस्किटं तुझी तू भाजून खा."

झेल्मानं सही केली. सही करताना ती रडली, आणि कोरीन तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. वादीला प्रतिवादीनं थोपटताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

आता खरी गोष्ट अशी की आमचे साहेब कोर्टात जात नाहीत. ते पाट्या लावतात, गिऱ्हाईक आणतात, फोनवर कंपन्यांशी घासाघीस करतात. खटला उभा राहिलाच तर तो चालवायला ऑफिसात हॅथर्नबाई आहेत. हाडकुळ्या, करड्या सुटातल्या, कधी न हसणाऱ्या. त्यांनी दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं ते मला तोंडपाठ आहे, कारण पुढं त्याचाच सगळा खेळ झाला.

"ज्यूरीत गावातलीच बारा माणसं बसतील. त्यांच्यासमोर 'विमा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही, कुणीच नाही. कुणी काढला तर न्यायाधीश खटला मोडीत काढतील आणि सगळं पहिल्यापासून. झेल्माबाई, तोवर तुमचा खुबा वाट बघत बसेल."

"पण मग त्यांना वाटेल की पैसे कोरीनच्या पदरचे जाणार!"

"वाटेल."

"आणि मी तिचं घर विकायला निघालेय!"

"तेही वाटेल. समोरचा वकील ते वाटावं यासाठीच झटणार. तो कोरीनबाईंचा वकील म्हणून बसेल, त्याचा पगार मात्र कंपनी देणार. आणि कोरीनबाई, तुम्ही बहिणीला मुद्दाम मदत करताय असं दिसलं तर कंपनी हात झटकायला मोकळी. तुम्हाला विचारलं तेवढं खरं सांगायचं आणि गप्प बसायचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा हा कायदा. मी इतकी वर्षं तिथं काम करतेय आणि मला तो अजून न्यायाचा वाटत नाही. वाटेल त्याला मी हे तोंडावर सांगेन.

मग हॅथर्नबाई साहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही कोर्टाच्या आसपास फिरकायचं नाही."

"मी? का?"

"कारण तुम्ही दिसलात की लोकांना सर्कस आठवते. दोन बहिणींचं दुःख आहे हे. त्यात खेचर नको."

साहेब अंगानं रेड्याएवढे, पण चेहरा असा झाला, जणू एखाद्या मुलाला रागावून जेवायला न देता झोपायला पाठवलंय. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. कोटासकट सगळं त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं ना?

गावानं व्हायचं ते केलं. आमच्या पाद्रीबाबांनी एका रविवारी भावाभावांनी कोर्टाची पायरी चढू नये यावर प्रवचन दिलं आणि दिवसभर झेल्माकडे बघायचं टाळलं. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी किराणा दुकानात झेल्माला बघून फळ्यांच्या दुसऱ्या रांगेत शिरायला लागल्या. कोरीन मात्र वर मान करून वॉकरच्या शेजारी चालायची आणि मोठ्यानं विचारायची, "ताई, मक्याचं पीठ घ्यायचं ना?" लोकांना तेही खटकलं. म्हणे, काय ही गरीब बाई, जी गळा कापायला निघालीय तिलाच हातानं भरवते.

खटला उभा राहिला. दोघी कोर्टाला एकाच गाडीतून आल्या. कोरीननं चालवली. आत गेल्यावर झेल्मा डावीकडच्या टेबलाला बसली आणि कोरीन उजवीकडच्या, आणि बसताना कोरीननं आपली उशी तिकडून झेल्माला धाडली. शिपायानं ती पोचती केली.

कंपनीनं पाठवलेला वकील राजधानीचा, जॅक्सन शहराचा होता, लॅनियर नावाचा. देखणा, पांढरे केस, आवाज लोण्यासारखा. ज्यूरी निवडतानाच त्यानं विचारलं, "झेल्माबाईंनी वकील कुठला केलाय ठाऊक आहे ना? टीव्हीवर खेचर नाचवणारे ते." बाकांवर खसखस पिकली. हॅथर्नबाईंनी ओठ घट्ट मिटले. पुढंही तो संधी मिळेल तेव्हा खेचर काढायचा. खेचरवाल्यांचं ऑफिस, खेचरवाल्यांचे कागद. दरवेळी ज्यूरीतलं कुणीतरी हसायचं आणि मग ते हसू लपवत झेल्माकडे असं बघायचं की बाई, तू पण ना.

सकाळी झेल्माची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होते, ऑफिसचे कागद पोचवायच्या निमित्तानं. लॅनियर तिच्याशी फारच गोड बोलला.

"झेल्माबाई, तुम्हाला आंघोळ कोण घालतं?"

"कोरीन."

"जेवण?"

"तीच करते."

"सकाळी वेणी, चपला, बाथरूमपर्यंत नेणं?"

"कोरीन."

"ज्या घरात राहता ते कोणाचं? तुमच्या आईवडिलांचं ना? आता कोरीनबाईंच्या नावावर आहे?"

"हो साहेब."

"त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांना दुसरं कमावणारं कुणी नाही. आणि अशा बहिणीला तुम्ही इथं आणून बसवलंत."

झेल्माचं तोंड उघडलं आणि मिटलं. मला तो शब्द तिच्या ओठावर दिसत होता. अगदी दिसत होता. एक शब्द बोलली असती तर बाराच्या बारा माणसांना उलगडा झाला असता, आणि तिचं ऑपरेशन पाण्यात गेलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती नुसती हॅथर्नबाईंकडे बघत राहिली. हॅथर्नबाईंनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली, पण बोललेलं कुठं पुसता येतं? ज्यूरीत पुढच्या रांगेत मागूर माशांची तळी असलेला एक म्हातारा होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. त्यानं मान हलवली. चांगल्या अर्थानं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला. ते गावाबाहेर नव्या जाहिरातीचं चित्रीकरण करत होते. मागं ब्यूलाचं ओरडणं ऐकू येत होतं.

"हरतोय आपण," मी म्हटलं. "आणि कसं ते सांगते." सांगितलं.

त्यांनी खुब्याबद्दल काही विचारलं नाही, डॉक्टरबद्दल नाही. एवढंच विचारलं, "ती साक्ष देताना ज्यूरी बघत कुणाकडं होती?"

"कोरीनकडं."

"म्हणजे त्यांना वाटतंय पैसे ती देणार."

"मग मी दुसरं काय सांगतेय मघापासून!"

"ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी कोरीन साक्षीला उभी होती. हॅथर्नबाई तिला विचारत होत्या, "तुमचे डोळे रस्त्यावर होते का?" आणि कोरीन प्रामाणिकपणे म्हणत होती, "नाही बाई. केकवर होते." एवढ्यात मागचं दार उघडलं.

साहेब आत आले. त्यांच्या गाडीत एक राखाडी सूट कायम टांगलेला असतो, मीच तो धुवायला टाकते. त्या दिवशी तो टांगलेलाच राहिला होता. अंगात तोच पिवळाधमक कोट, बाहीला गवताच्या काड्या, आणि बरोबर ब्यूलाचा वास. त्यांनी टोपी काढून हातात धरली, न्यायाधीशांना वाकून नमस्कार केला, आणि चर्चला उशीर झालेल्या माणसासारखे चोरपावलांनी येऊन माझ्या शेजारी बसले. बाक कुरकुरला. नंतर ते हलले नाहीत. एक अक्षर बोलले नाहीत. हात मांडीवर, नजर समोर.

हॅथर्नबाईंनी मागं वळून पाहिलं. ती नजर मला लागली असती तर मी नोकरी सोडली असती.

पण मी ज्यूरीकडे बघत होते. माशांच्या तळीवाल्यानं आधी कोट बघितला. बघणारच, तो कोट आंधळ्यालाही दिसेल. मग त्यानं लॅनियरकडे बघितलं, त्याच्या जॅक्सनच्या बुटांकडे बघितलं. मग कोरीनकडे. कोरीनच्या अंगावर चर्चचा जुना निळा झगा होता. असल्या बाईला असला वकील कुठून परवडतो, हे म्हाताऱ्याच्या कपाळावर एकेक अक्षर उमटत गेलं. त्यानं शेजारच्या बाईला कोपरानं हळूच ढोसलं. ती शाळेची बस चालवते. रोज सकाळ-संध्याकाळ किती पाट्यांखालून जात असेल देवाला ठाऊक. तिनं कोटाकडे पाहिलं आणि तिचे ओठ आपोआप हलले. 'शेजाऱ्याला नको' एवढं मला स्पष्ट वाचता आलं. पुढचं तिनं गिळलं.

लॅनियरलाही ते दिसलं. तो ताडकन उभा राहिला.

"हरकत आहे, न्यायमूर्ती महाराज."

"कशाला?" न्यायाधीश बर्डिन म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचं कुजबुजणंही रस्त्यापर्यंत जातं. "बाई खरं सांगतेय. केकवर डोळे होते म्हणाली."

"साक्षीला नाही. मागच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांच्या... कोटाला."

सगळं कोर्ट मागं वळलं. साहेबांनी वरचं बटण लावलं.

"कोटात काय वाईट आहे? मला आवडला नाही हे कबूल. पण स्वच्छ आहे. थोडं गवत आहे."

"त्या कोटामुळे ज्यूरीच्या मनात एक गोष्ट येते, जी येता कामा नये."

"कुठली गोष्ट?"

लॅनियरचं तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळी झेल्माचं झालं होतं तस्संच. मला इतका आनंद झाला की मी बाकाची कड घट्ट धरली.

"ती मला मोठ्यानं सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"मग जवळ येऊन हळू सांगा."

दोघे वकील वर गेले. लॅनियर न्यायाधीशांच्या कानाशी लागला. आम्हाला त्याचं काही ऐकू आलं नाही, पण बर्डिनसाहेबांचं आलं. "खेचर? अहो, सकाळपासून खेचर खेचर तर तुम्हीच करताय! तुम्ही शंभरदा नाव घ्यायचं आणि मालक आला की त्याला हाकला म्हणायचं? दार उघडं आहे. कोर्ट जनतेचं आहे. बसा खाली."

लॅनियर बसला. हात दाखवून अवलक्षण करून घेतलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ज्यूरीतले बाराही जण आता ताठ बसले होते, आणि झेल्माकडे बघताना त्यांच्या नजरेत सकाळचं काही उरलं नव्हतं. उलट सगळे लॅनियरच्या बुटांकडे बघत होते.

"साहेब," मी कुजबुजले, "तुम्ही कपडे का नाही बदलले?"

"लोक मला हसतात लव्हॉन," ते समोर बघतच म्हणाले. "हसणारा माणूस विसरत नाही. तेवढंच भांडवल आहे माझं."

मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला. वास आला तरी.

निकाल संध्याकाळच्या जेवणाआधी आला. कोर्टाचा कारकून उभा राहून कागद वाचायला लागला. चालक कोरीन टॅकेट यांच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला काय? होय. त्या निष्काळजीपणामुळेच झेल्मा पर्विस यांना कायमची इजा झाली काय? होय. खुबा आधीच झिजलेला होता म्हणून कोरीन टॅकेट यांची जबाबदारी कमी होते काय? नाही. मग रक्कम वाचली. ऑपरेशन, नंतरची शुश्रूषा, गेलेला पगार, सगळं त्यात बसत होतं. हॅथर्नबाई चक्क हसल्या. मला वाटलं, आता कोरीन टाळ्या पिटणार. दावा लावा म्हणून फोन करणारी ती, सही करायला लावणारी ती.

कोरीन खुर्चीत तशीच बसली होती. चेहरा पांढरा पडला होता. प्रत्येक 'होय' तिच्या अंगावर येऊन पडला होता आणि तिनं तो झेलला होता.

झेल्मानं ते पाहिलं. हॅथर्नबाई तिला काहीतरी सांगत होत्या, तिनं ऐकलं नाही. वॉकर पुढ्यात ओढला, उठली, आणि मधली मोकळी जागा ओलांडून समोरच्या टेबलाकडे निघाली. कुणी मदतीला जायचं धाडस केलं नाही. ती पोचेपर्यंत न्यायाधीशही थांबले.

"कोरी, अगं ते तुला नाही म्हणाले," झेल्मा भर कोर्टात म्हणाली. "ते विम्याला म्हणाले! विम्याला! सगळ्यांना ठाऊक आहे."

ज्यूरी अजून बसलेली होती. बर्डिनसाहेबांना एकाएकी समोरच्या कागदांत काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं.

"नाही ताई," कोरीन म्हणाली. "मलाच म्हणाले. कुणीतरी म्हणाले एकदाचे."

"वेडी आहेस का?"

"तू एकदा तरी म्हणालीस? दवाखान्यात शुद्धीवर आलीस आणि पहिलं वाक्य काय, तर कोरी, तुझी काही चूक नाही. तेव्हापासून तेच. मी तुला आंघोळ घालते, तू म्हणतेस, देव तुझं भलं करो. मी चपला चढवते, देव तुझं भलं करो. रोज. जसे काही मी उपकारच करतेय तुझ्यावर. मला झोप लागत नाही ताई. तुझा पाय मी मोडला, आणि तू मला साधं रागवतसुद्धा नाहीस."

झेल्मा वॉकरला धरून उभी होती.

"चूक तुझीच होती," ती म्हणाली. आवाज बारीक होता, मग चढत गेला. "तुझीच होती! रस्ता सोडून मागं बघतं का कुणी? माझा पाय गेला, माझं काम गेलं, शाळेतल्या पोरांची तोंडं बघायचं गेलं. मला इतका राग आला होता गं तुझा. अजून आहे. तू वेणी घालतेस ना, तेव्हा वाटतं हात झिडकारावा तुझा."

"हं," कोरीन म्हणाली आणि रडायला लागली. मोकळं, लहान मुलीसारखं. झेल्माही. दोघींनी एकमेकींना धरलं आणि मध्ये तो वॉकर अडकला.

माझ्या शेजारी साहेब नाक पुसत होते. मग जरा वाकून म्हणाले, "लव्हॉन, हे जर जाहिरातीत..."

"एक अक्षर पुढं बोलाल तर मी तुम्हाला ब्यूलाच्या मागं बांधीन."

"मी काहीच बोललो नाही," साहेब म्हणाले.

झेल्माचं ऑपरेशन व्हायचं होतं, कंपनी अपील करणार का ते कळायचं होतं, पण त्या संध्याकाळी तेवढंच झालं. कोरीननं झेल्माला कोर्टाच्या पायऱ्यांवरून उतरवलं, गाडीत बसवलं, वॉकर मागं टाकला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. अपघातापासून झेल्मा गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची आणि चकार शब्द काढायची नाही. गाडी निघाली तेव्हा मी फुटपाथवर उभी होते. कोरीन मला हात करायला वळली, आणि आतून झेल्मा अशी ओरडली की चौकातल्या माणसांनी माना वर केल्या.

"पुढं बघ, पुढं!"

"बघतेय गं बाई," कोरीन म्हणाली, आणि पुढं बघून गाडी चालवायला लागली.